ब्रॉयलर शेडमध्ये प्रतिजैविके कधी, किती आणि कुठवर : नव्या पोल्ट्री शेतकऱ्यासाठी मार्गदर्शन

ब्रॉयलरची, म्हणजे मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या कोंबड्यांची, पिल्ले शेडमध्ये उतरली की पहिले काही दिवस पाण्यातून प्रतिजैविक (अँटिबायोटिक) द्यायचे, लसीचा ताण म्हणून दुसऱ्या आठवड्यात ते पुन्हा द्यायचे आणि पुढे रात्री घरघर ऐकू आली की आणखी एक कोर्स करायचा, अशी चाल अनेक शेडमध्ये पडून गेली आहे. नवा शेतकरी ती शेजारच्या शेडवर पाहतो आणि पोल्ट्रीचा नियमच असावा असे समजून उचलतो. तो नियम नाही. प्रतिजैविक हे जिवाणूंमुळे आजारी पडलेल्या कळपावर पशुवैद्यकांनी निदान केल्यानंतर, ठरलेल्या मात्रेत आणि ठरलेल्या दिवसांपुरते द्यायचे औषध आहे. निरोगी पिल्लांना रोज थोडे थोडे औषध मिळत राहिले, तर त्यांच्या आतड्यातील औषधाला दबणारे जिवाणू मरतात, न दबणारे टिकतात आणि वाढतात. पुढे तेच जिवाणू शेडमधील माणसांच्या हातांवर, मांसावर आणि कोंबडखतातून शेतात पोहोचतात. ज्या औषधावर आज कोंबडी वाचते, त्याच गटातील औषध उद्या घरातल्या माणसाला लागणार आहे, हे लक्षात ठेवूनच बाटलीचे झाकण उघडावे.

हा लेख प्रामुख्याने दोन ते पाच हजार पक्ष्यांचे उघडे शेड असलेल्या, स्वतःच्या भांडवलावर किंवा कंपनीशी करार करून ब्रॉयलर पाळणाऱ्या महाराष्ट्रातील शेतकऱ्यासाठी आहे. अंड्यांवरील कोंबड्यांचे नियम याहून कडक आहेत, कारण औषधाचे अंश अंड्यात उतरतात आणि कळप रोज अंडी देत असतो. अशा अंड्यांवरील कोंबड्या (लेअर) पाळणाऱ्यांनी ‘अंडी देणाऱ्या कोंबड्यांना देऊ नये’ अशी सूचना लेबलवर आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.

पहिली पायरी : पिल्ले येण्याआधीची तयारी

औषधाचा खर्च आणि गरज या दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा पिल्ले येण्यापूर्वीच ठरलेल्या असतात. एक बॅच पूर्ण रिकामी करून, जुने लिटर (जमिनीवर अंथरलेला तुसाचा थर) काढून, शेड धुऊन, निर्जंतुक करून आणि किमान दोन आठवडे मोकळे ठेवूनच दुसरी बॅच घ्यावी. एका शेडमध्ये दोन वयांचे पक्षी ठेवू नयेत. दारात पाय बुडवण्याची जागा, शेडपुरत्या वेगळ्या चपला आणि लिफ्टिंगची, म्हणजे विक्रीसाठी पक्षी उचलून नेणारी, गाडी थांबण्यासाठी शेडपासून दूर ठरवलेली जागा, एवढी व्यवस्था लहान शेतकऱ्यालाही करता येते.

पाण्याकडे मात्र अधिक बारकाईने पाहावे. बोअरचे किंवा विहिरीचे पाणी वर्षातून किमान दोनदा, त्यातही पावसाळा सुरू झाल्यावर एकदा, ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूसाठी तपासून घ्यावे. टाकी स्वच्छ असली तरी निपलच्या (पक्षी चोचीने पाणी पितात त्या तोट्यांच्या) नळीत आतून बुळबुळीत थर साचतो आणि क्लोरीन टाकीत घातले तरी शेवटच्या निपलपर्यंत पोहोचेपर्यंत ते संपलेले असते. म्हणून क्लोरीन टाकीत नव्हे, तर रांगेतील शेवटच्या निपलवर मोजावे. दोन बॅचमधील मोकळ्या काळात नळी आतून धुऊन काढावी. दूषित पाण्यामुळे होणारी हगवण औषधाने चार दिवस दबते आणि औषध थांबताच परत येते, कारण पक्षी पुन्हा तेच पाणी पितो.

ब्रूडिंगमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याच्या काळात, त्यांच्या उंचीवर पहिल्या दिवसांत साधारण ३२ ते ३४ अंश सेल्सिअस तापमान लागते. थंडीत गारठलेली पिल्ले एकमेकांवर चढतात, पोटातील बलक नीट शोषला जात नाही आणि बेंबीच्या संसर्गाने पहिल्याच आठवड्यात मर वाढते. पहिल्या आठवड्यातील मर एक टक्क्याच्या वर गेली, तर मेलेली पिल्ले लगेच पशुवैद्यकांना दाखवावीत आणि हॅचरीला (अंडी उबवणाऱ्या केंद्राला) किंवा कंपनीच्या सुपरवायझरला लेखी कळवावे. दोष पिल्लांत होता की ब्रूडरमध्ये, हे तेव्हाच कळते, पुढे कळत नाही.

लसीकरण चुकवू नये. मरेक या विषाणूजन्य रोगाची लस हॅचरीतच दिलेली असते. मानमोडीसाठी (राणीखेत) पहिल्या आठवड्यात लासोटा किंवा एफ स्ट्रेन ही लस, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो रोगाची लस आणि पुढे लासोटाचा दुसरा डोस, असा सर्वसाधारण क्रम असला, तरी नेमके दिवस आपल्या भागातील रोगांनुसार पशुवैद्यकांनी ठरवावेत. पाण्यातून लस देताना त्या पाण्यात क्लोरीन नसावे. लासोटानंतर तीन-चार दिवस कळपात हलकी शिंक ऐकू येते. ती बहुतेक वेळा लसीचीच प्रतिक्रिया असते आणि पक्षी खात-पीत असतील तर तिच्यासाठी प्रतिजैविकाची गरज नसते. नव्या शेतकऱ्याचा पहिला अनावश्यक कोर्स बहुधा इथेच होतो.

खाद्याच्या पिशवीवरील लेबलही याच टप्प्यावर वाचावे. वाढ जलद व्हावी म्हणून खाद्यात अल्प मात्रेत प्रतिजैविक मिसळण्याची प्रथा जगभर होती. युरोपीय संघाने ती १ जानेवारी २००६ पासून पूर्णपणे बंद केली आणि तेथे कुक्कुटपालन चालूच राहिले. आपल्या खाद्यात असे काही आहे का, तसेच कॉक्सिडिओसिस (परजीवीमुळे होणारी रक्ती हगवण) रोखण्यासाठी कोणते औषध घातले आहे, हे कंपनीला किंवा विक्रेत्याला स्पष्ट विचारून वहीत लिहून ठेवावे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुढे एका ठिकाणी पक्ष्यांचा जीव वाचवणारे आहे. ‘टॉनिक’ किंवा ‘ग्रोथ पावडर’ म्हणून मिळणाऱ्या, घटक न छापलेल्या पुड्या शेडमध्ये आणूच नयेत.

दुसरी पायरी : पक्षी आजारी दिसले की आधी काय पाहावे

सकाळच्या फेरीत काही पक्षी पंख पाडून, मान आखडून बसलेले दिसले, तर औषधाच्या दुकानाकडे जाण्यापूर्वी अर्धा तास शेडमध्येच घालवावा. कालच्या तुलनेत खाद्य आणि पाणी किती कमी झाले, विष्ठा कशी आहे, आजारी पक्षी एकाच कोपऱ्यात आहेत की सर्वत्र, मर किती आणि कोणत्या वेळी झाली, याची नोंद करावी. पाणी कमी होणे ही आजाराची सर्वांत लवकर दिसणारी खूण आहे, म्हणून टाकीवर पातळीच्या खुणा करून रोजचे पाणी लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

त्यानंतर हवा तपासावी. गुडघे टेकून पक्ष्यांच्या उंचीवर श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर अमोनिया वाढला आहे. नाशिक, पुणे किंवा सातारा भागात थंडीच्या रात्री पडदे खालपासून वरपर्यंत बंद केले जातात, लिटरमधील ओल आणि विष्ठेचा वायू आत कोंडतो, श्वासनलिकेच्या आतील सूक्ष्म केसांचा थर दुखावतो आणि एरवी बाहेर फेकले जाणारे ई. कोलाय जिवाणू फुप्फुसापर्यंत आणि हवेच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. शवविच्छेदनात हृदयावर आणि यकृतावर पांढरा-पिवळा थर दिसतो तो याच संसर्गाचा, आणि शेतकरी त्याला सरसकट सीआरडी (जुनाट श्वसनरोग) म्हणतो. सीआरडीचा मूळ जिवाणू मायकोप्लाझ्मा हा वेगळा आहे. तो असो वा नसो, पडद्याची वरची फूटभर जागा उघडी ठेवून कोंडलेली हवा बाहेर जाऊ दिली नाही, ओले लिटर काढून कोरडे तूस टाकले नाही आणि गळणारे निपल दुरुस्त केले नाही, तर कोणत्याही औषधाचा गुण टिकणार नाही. कोकणात पावसाळ्यात लिटर ओले राहून होणारी रक्ती हगवण हेही असेच उदाहरण आहे. ती कॉक्सिडिया या एकपेशीय परजीवीमुळे होते, तिच्यावर वेगळी औषधे आहेत आणि जिवाणूंवरचे नेहमीचे प्रतिजैविक तिथे निरुपयोगी ठरते.

विषाणूजन्य रोगांवर तर प्रतिजैविक मुळीच चालत नाही. मानमोडी, गंबोरो, देवी आणि बर्ड फ्लू हे सर्व विषाणूजन्य रोग आहेत. विषाणूने दुबळ्या झालेल्या पक्ष्यांना मागून जिवाणूंचा संसर्ग झाला, तर पशुवैद्यक औषध लिहून देऊ शकतात, परंतु तो निर्णय त्यांचा असतो. एकाएकी मोठी मर झाली, तुरा निळा-जांभळा पडला, डोके सुजले, तर पक्षी कापून पाहू नये, विकू नये आणि बाहेर फेकू नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच तासाला कळवावे. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात आढळला होता, आणि २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्यानुसार अशा रोगांची माहिती देणे पशुपालकावर बंधनकारक आहे.

तिसरी पायरी : निदान आणि नमुना

पशुवैद्यकांना बोलावताना किंवा पक्षी त्यांच्याकडे नेताना एकच मेलेला पक्षी नेऊ नये. नुकतेच मेलेले तीन-चार आणि लक्षणे असलेले दोन-तीन जिवंत पक्षी न्यावेत. मेलेले पक्षी बर्फात ठेवावेत, पण गोठवू नयेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नमुना औषध सुरू करण्यापूर्वीचा असावा, कारण दोन दिवस औषध दिल्यानंतर घेतलेल्या नमुन्यात जिवाणू वाढत नाहीत आणि तपासणी वाया जाते. पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालये नागपूर, मुंबई, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे आहेत. आपल्याला जवळची प्रयोगशाळा कोणती आणि ती नमुना कसा मागते, हे बॅच चालू होण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

तिथे जिवाणू वाढवून त्यांच्यावर कोणते औषध चालते आणि कोणते चालत नाही हे पाहतात. यास साधारण दोन ते तीन दिवस लागतात. तेवढा वेळ थांबणे धोक्याचे असेल तर पशुवैद्यक अनुभवाने एक औषध सुरू करतात आणि अहवाल आल्यावर गरज पडल्यास बदलतात. एवढा खटाटोप करण्यापेक्षा भारी औषध आधीच द्यावे, असा सल्ला दुकानात हमखास मिळतो. तो स्वीकारू नये. त्याच शेडमध्ये मागील तीन बॅचना तेच औषध दिले गेले असेल, तर ते चालण्याची शक्यता कमी असते आणि शेतकरी पाच दिवसांचे पैसे, पाच दिवसांची वाढ आणि मेलेले पक्षी असे तिन्ही गमावतो.

पशुवैद्यकांना पक्ष्यांचे वय, सरासरी वजन, झालेल्या लसी, आधी दिलेली औषधे, विक्रीची अपेक्षित तारीख आणि खाद्यातील कॉक्सिडिओसिसविरोधी औषध यांची माहिती न विचारता द्यावी. खाद्यात सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन यांपैकी कॉक्सिडिओसिसविरोधी औषध असताना पाण्यातून टायमुलिन हे प्रतिजैविक दिले गेले, तर पक्ष्यांचे पाय जातात आणि मोठी मर होऊ शकते. दोन्ही औषधे आपापल्या जागी कामाची आहेत, एकत्र आली की विष ठरतात.

कोणते औषध घेऊच नये, हेही माहीत असावे. कोलिस्टिन हे माणसाच्या गंभीर संसर्गांवरील अखेरच्या औषधांपैकी एक आहे. त्याला दाद न देणारे आणि एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज जाणारे जनुक २०१५ साली चीनमध्ये आढळल्यानंतर जगभर चिंता वाढली आणि भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये पोल्ट्रीसह सर्व अन्नोपयोगी प्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. २०२५ साली क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांच्यावरही अशीच बंदी आली. जुना साठा कोणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये. एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक आपल्याकडे अजून सर्रास वापरले जाते. अमेरिकेने पोल्ट्रीमधील त्याचा वापर २००५ साली थांबवला, कारण त्याच गटातील औषधे माणसांच्या पोटाच्या आजारांवर निकामी होऊ लागली होती. माझे स्पष्ट मत असे आहे की प्रयोगशाळेचा अहवाल दुसरा पर्याय नाही असे सांगत असेल, तरच या गटाकडे वळावे, आणि पशुवैद्यकांना तसे मोकळेपणाने विचारण्यात संकोच करू नये.

चौथी पायरी : मात्रा वजनावर काढावी, पाण्याच्या लिटरवर नव्हे

बाटलीवर ‘एक मिली प्रति लिटर’ असे छापलेले असते आणि बहुतेक जण तेच पाळतात. पक्षी किती पाणी पितो, यावर तेव्हा त्याला मिळणारे औषध अवलंबून राहते. विदर्भातील मे महिन्यात पाणी पिणे कितीतरी वाढते आणि औषध जास्त जाते. आजारी किंवा गारठलेला पक्षी कमी पितो आणि त्याला अपुरे औषध मिळते. अपुरी मात्रा सर्वांत घातक, कारण ती कमकुवत जिवाणू मारून चिवट जिवाणूंना मोकळे रान देते.

म्हणून हिशोब असा करावा. शेडच्या चारही कोपऱ्यांतून आणि मधून मिळून किमान पन्नास पक्षी तोलून सरासरी काढावी. समजा ३,००० पक्षी आहेत आणि सरासरी वजन ९०० ग्रॅम आहे. एकूण जिवंत वजन २,७०० किलो झाले. पशुवैद्यकांनी दर किलोला २० मिलिग्रॅम अशी मात्रा लिहिली असेल, तर दिवसाला ५४,००० मिलिग्रॅम, म्हणजे ५४ ग्रॅम मूळ औषध लागेल. भुकटीत मूळ औषध २० टक्के असेल, तर २७० ग्रॅम भुकटी लागेल. हे २७० ग्रॅम त्या दिवशी ठरलेल्या वेळेत कळप जेवढे पाणी पिणार आहे तेवढ्याच पाण्यात विरघळवायचे. ब्रॉयलर सर्वसाधारण हवामानात खाद्याच्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी पितो, पण आपल्या वहीतील कालचा आकडा त्याहून अधिक भरवशाचा असतो. पक्षी रोज वाढतात, त्यामुळे पाच दिवसांच्या कोर्समध्ये वजनाचा अंदाज मध्येच सुधारून घ्यावा.

औषध दिवसभर द्यायचे की चार-सहा तासांत संपवायचे, हे औषधानुसार बदलते आणि ते चिठ्ठीवर लिहून घ्यावे. कमी वेळात द्यायचे असेल तर आधी तासभर पाणी थांबवतात, पण कडक उन्हाळ्यात हे करू नये. टेट्रासायक्लिन गटातील औषधे क्षारयुक्त जड पाण्यात कॅल्शियमशी बांधली जाऊन निकामी होतात. मराठवाड्यातील आणि इतर अनेक भागांतील बोअरचे पाणी असे जड असते, म्हणून पाण्याचा अहवाल पशुवैद्यकांना दाखवावा. क्लोरीन, आम्ल आणि व्हिटॅमिन त्याच टाकीत मिसळावे की नाही, हेही त्यांनाच विचारावे. द्रावण रोज ताजे करावे आणि टाकी सावलीत ठेवावी.

दुसऱ्या दिवशी पक्षी सावरले म्हणून औषध थांबवू नये आणि उरले म्हणून लांबवूही नये. दोन-तीन दिवसांत मर कमी झाली नाही, तर स्वतःहून दुसरे औषध वर चढवू नये, पशुवैद्यकांना पुन्हा बोलवावे. उरलेली भुकटी पुढच्या बॅचसाठी किंवा गाई-म्हशींसाठी राखून ठेवू नये. कोर्स संपला की नळीतील पाणी पूर्ण सोडून ती धुवावी, नाहीतर नळीत राहिलेले औषध पुढचे दिवस थेंबथेंब पक्ष्यांच्या पोटात जात राहते.

पाचवी पायरी : विक्रीच्या तारखेपासून उलटे मोजावे

औषधाचा शेवटचा डोस आणि कत्तल यांत जितके दिवस जावे लागतात, तो त्या औषधाचा प्रतीक्षाकाळ. तो लेबलवर छापलेला असतो. औषध नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, लेबलवर तो दिलेला नसेल तर कोंबडीच्या मांसासाठी किमान २८ दिवस आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस धरावे लागतात. आता पस्तीस ते चाळीस दिवसांत विकल्या जाणाऱ्या ब्रॉयलरला हे लावून पाहावे. ३८ व्या दिवशी लिफ्टिंग असेल, तर प्रतीक्षाकाळ न छापलेले औषध दहाव्या दिवसाआधीच संपलेले असले पाहिजे, म्हणजे त्यानंतर ते औषध या बॅचसाठी नाहीच. म्हणून औषध निवडतानाच पशुवैद्यकांसमोर कॅलेंडर ठेवावे. २८ व्या दिवशी संध्याकाळी शेवटचा डोस आणि सात दिवसांचा प्रतीक्षाकाळ असेल, तर ३६ व्या दिवसाआधी एकही पक्षी गाडीत चढू नये.

अडचण खरी येते ती बाजारभावामुळे. भाव चढला की व्यापारी चार दिवस आधी गाडी पाठवतो, किंवा गर्दी कमी करण्यासाठी दीड किलोचे काही पक्षी आधी उचलले जातात. प्रतीक्षाकाळ पहिल्या उचलीला लागू होतो, शेवटच्या नव्हे. करारातील शेतकऱ्याच्या हाती लिफ्टिंगची तारीख नसते, म्हणून औषध सुरू झाल्याच्या दिवशीच सुपरवायझरला संदेश पाठवून ‘या तारखेआधी उचल नको’ असे लेखी कळवावे आणि तो संदेश जपून ठेवावा. एफएसएसएआयने (भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने) मांस आणि अंड्यांतील औषधांच्या अंशांच्या मर्यादा ठरवून दिल्या आहेत, आणि शिजवल्याने हे अंश नष्ट होतील असा भरवसा धरता येत नाही. कोर्स चालू असताना लंगडे किंवा मागे पडलेले पक्षी गावात स्वस्तात विकणे, अथवा मजुरांना घरी कापायला देणे, ही प्रथा जिथे असेल तिथे ती थांबवावी. त्या पक्ष्यांत औषधही सर्वांत जास्त असते आणि आजारही.

सहावी पायरी : वही आणि खत

प्रत्येक औषधासाठी एक ओळ पुरते : सुरुवातीची आणि शेवटची तारीख, औषधाचे नाव आणि बॅच क्रमांक, कारण, दिलेली मात्रा, पक्ष्यांची संख्या व वजन, पशुवैद्यकांचे नाव, प्रतीक्षाकाळ संपण्याची तारीख आणि गुण आला की नाही. चिठ्ठी आणि बिल त्याच पानाला टाचावे.

बॅच गेल्यावर उरलेल्या कोंबडखतात औषधाचे अंश आणि औषधाला न दबणारे जिवाणू दोन्ही असतात. ते ताजे असताना मेथी, कोथिंबीर, काकडी अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना घालू नये. शेडपासून आणि विहिरीपासून दूर ढीग करून, पाणी शिंपडून, झाकून ठेवावे. ढिगाच्या आत तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊन काही दिवस टिकले आणि ढीग पलटून पुन्हा तापला, की रोगजंतू बऱ्याच प्रमाणात मरतात. काही औषधे, विशेषतः एन्रोफ्लॉक्सासिनच्या गटातील, खतात फार सावकाश विघटित होतात, म्हणून ज्या बॅचला अशी औषधे दिली आहेत तिचा ढीग वेगळा ठेवून अधिक काळ कुजू द्यावा आणि ते खत विकताना घेणाऱ्याला तसे सांगावे. मेलेले पक्षी या ढिगात टाकू नयेत. त्यांच्यासाठी चुना घातलेला, कुत्र्यांना उकरता येणार नाही असा वेगळा खोल खड्डा असावा.

पुढच्या पिल्लांची मागणी नोंदवण्यापूर्वी वही घेऊन पशुवैद्यकांकडे तासभर बसावे. एकच आजार त्याच वयात दोन बॅचमध्ये आला असेल, तर त्याचे कारण पाणी, पडदे, लिटर किंवा लसीचा दिवस यांपैकी कशात आहे, हे तेथे शोधावे आणि ते दुरुस्त होईपर्यंत शेड मोकळे ठेवावे.